राजाचे ताट आणि दर्याची मासळी

ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ही सोलापूरची ओळख. माझे कुंभारी गाव सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या वाटेवर. समुद्र येथून सह्याद्रीपलीकडे, शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा मत्स्यभोजनाच्या थाटावर कुंभारीकराने लिहावे, याचे वाचकांस हसू येईल. पण राजेशाही मत्स्यभोजनाची एक फार जुनी लेखी कृती आज उपलब्ध आहे, आणि ती कोकणातली नव्हे, आमच्या बाजूची आहे.

सोलापूरच्या पूर्वेस, उमरग्याच्या पलीकडे बसवकल्याण लागते. तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. आमचा मुलूख त्यांच्याच राज्यात मोडे. ११२६ ते ११३८ या काळात त्या गादीवर तिसरा सोमेश्वर होता. तलवारीपेक्षा लेखणीत अधिक रमणारा हा राजा. ११२९च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा १०० अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात नदीतल्या आणि समुद्रातल्या सुमारे ३५ माशांचे वर्णन आहे. गळाची दोरी कशाची, काठी कशी, कोणत्या माशास कोणते आमिष, हेही आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर शास्त्रीय निबंधच लिहिला.

‘अन्नभोग’ या प्रकरणात राजा स्वयंपाकघरात शिरतो. माशाचे तुकडे करावे, स्वच्छ धुवावे, चिंचेच्या कोळात शिजवावे. मग गव्हाचे पीठ भुरभुरून कढत तेलात तांबूस होईतो तळावे. वर सैंधव, वेलदोडा आणि मिऱ्याची पूड घालावी. वाचताना आपल्या जिभेस पाणी सुटते, आणि लगेच ध्यानात येते की यात तिखट नाही! कोठून असणार? लाल मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली, ती पुढे सोळाव्या शतकात.

त्याच पोर्तुगीजांनी १६१२ साली मांडवीच्या मुखाशी आग्वाद किल्ला बांधला. आग्वाद म्हणजे पाणी भरण्याची जागा. लांबच्या सफरीवरील जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. पाण्याच्या एकेका घागरीचे मोल जाणणाऱ्या माझ्यासारख्या दुष्काळी मुलखातल्या माणसास ते नाव फार भावले. याच किल्ल्याच्या तटाला बिलगून १९७४ साली ताज समूहाने आलिशान विश्रामस्थान उभारले. १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेसाठी दिल्लीस जमलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीस गोव्यात आले होते. राजाच्या पंक्तीची जागा आता पाहुण्यांच्या टेबलांनी घेतली.

किनाऱ्यावरील अशा एका भोजनगृहात मीही एकदा जेवलो. शेवंडीपुढे किमतीऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढेच छापलेले पाहून मी मुकाट्याने बांगडा मागवला. तो आला रेशाद मसाल्याने भरलेला, लालभडक. आंबट, खारट, वरून खरपूस. सोमेश्वराची रीत मला त्यात ओळखू आली. मिऱ्याच्या जागी मिरची बसली होती, एवढेच. शेजारच्या टेबलावरील मंडळी मासा आज पहाटेचाच ना, असे पुन्हापुन्हा विचारीत होती. मासळीची खरी श्रीमंती मसाल्यात नाही, ताजेपणात आहे.

आमच्या वाट्यास तो ताजेपणा सहसा आला नाही. १८६० साली सोलापुरास आगगाडी आली आणि १८६३ साली बोरघाट खुला होऊन मुंबईशी सलग रूळ जोडले गेले. तरी गरिबाच्या घरात दर्या शिरला तो सुक्या बोंबलांच्या रूपानेच. पुढे १९८० साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले आणि गोड्या पाण्याची ताजी मासळी हाताशी आली. कुंभारीत २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. दिवसभर विड्या वळून उठलेल्या बाईने तव्यावर बोंबील खरपूस भाजले, लसूण-तिखट घातले आणि भाकरीबरोबर लेकरांपुढे ठेवले, तर ते ताटही इतिहासाचेच आहे.

परंतु ते लिहून कोण ठेवणार? महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, ही नोंद सोमेश्वराने आपल्या ग्रंथात आवर्जून केली आहे. कांडण झाल्यावर त्या बायांच्या चुलीवर काय रटरटत होते, तेही त्याने लिहिले असते, तर माझा हा लेख राजाच्या ताटापासून सुरू करण्याची पाळी आली नसती.