भरू न दिलेली जखम

मोतीबिंदू काढला की जग पुन्हा उजळते, ही हकीकत घरोघरी ऐकलेली असल्यामुळे काचबिंदूच्या शस्त्रक्रियेकडूनही माणसे तीच आशा धरतात, आणि पट्टी सुटल्यावर दृष्टी होती तेवढीच, किंबहुना काही आठवडे अधिकच धूसर आहे असे आढळले म्हणजे खचून जातात. डोळ्यातील वाढलेल्या दाबाने दृष्टिमज्जेचे जे तंतू एकदा मेले ते कोणत्याही शस्त्राने परत येत नाहीत. वैद्य राखतो ती केवळ उरलेली दृष्टी, आणि त्यासाठी डोळ्याची घडण मात्र कायमची बदलतो.

ह्या बदलाची पहिली ठळक खूण १८५७ साली बर्लिनच्या आल्ब्रेश्ट फॉन ग्रेफे ह्याने उमटविली. तीव्र काचबिंदूत डोळा दगडासारखा कठीण होऊन रोगी वेदनेने तळमळत आंधळा होई, आणि त्यावर इलाज नाही असेच तोवर मानले जाई. ग्रेफेने बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याची एक पाकळी छाटून काढली, तेव्हा दाब उतरला. वाटोळी बाहुली मात्र कुलपाच्या छिद्रासारखी झाली आणि उन्हात डोळे दिपू लागले. पडद्यामागे तुंबलेल्या पाण्याला वाट मिळते हे त्या यशाचे खरे मर्म विसाव्या शतकातच उलगडले.

संथपणे, वेदनेविना दृष्टी पोखरणाऱ्या काचबिंदूवर मात्र हा उपाय तोकडा पडला. तेथे पाण्यासाठी नवी वाटच पाडावी लागते, आणि त्या प्रयत्नांत आपल्या देशातील एका इस्पितळाचे नाव आदराने घेतले पाहिजे. १८१९ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचा अंमल रॉबर्ट हेन्री एलियट ह्या लष्करी वैद्याकडे होता. गावोगाव फिरणाऱ्या वैदूंनी सुई खुपसून मोतीबिंदू आत ढकलल्यामुळे नासलेले असंख्य डोळे तपासण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, त्या ह्या माणसाने १९०९ मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या व पारदर्शक भागांच्या सीमेवर वर्तुळाकार पात्याने सुमारे २ मिलिमीटरांचे भोक पाडून त्यावर वरची पातळ त्वचा पसरण्याची रीत काढली. पाणी त्या त्वचेखाली झिरपू लागले आणि वरच्या पापणीआड एक फुगवटा उभा राहिला. अन्यत्र जखम भरून येणे हे वैद्याचे यश, येथे तेच अपयश. ही उलटापालट शस्त्रविद्येत मला विलक्षण वाटते. परंतु आवरण फार पातळ राहिले तर पुढे कित्येक वर्षांनीही जंतू आत शिरून डोळा जाई.

१९६८ साली केंब्रिजच्या जॉन केर्न्सने त्या भोकावर डोळ्याच्याच अर्ध्या जाडीचे झाकण ठेवले. पाणी डोळ्याच्या नैसर्गिक नलिकेतच जावे, फुगवटा नको, असा त्याचा हेतू होता. परंतु ज्यांना फुगवटा आला त्यांचाच दाब चांगला उतरल्याचे पुढे ध्यानात आले. व्रण भरू नये म्हणून कर्करोगावरील मायटोमायसिनसारखी औषधे नंतर आली.

आजही अशा डोळ्याची वरची पापणी उचलली असता तेथे फिकट, पाणीदार उंचवटा दिसतो. टाक्यांच्या ताणाने चष्म्याचा नंबर बदललेला असतो, पुढे मोतीबिंदूही लवकर वाढतो. आणि डोळा लाल झाला, दुखू लागला वा चिघळला तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखल व्हावे, अशी ताकीद रोग्यास जन्मभरासाठी दिलेली असते.