"त्यांच्याशी जुळत नाही" हा नखरा नाही, मंडळी

परवा ओळखीच्या एक काकू भेटल्या. मुलाला डिप्रेशनसाठी समुपदेशकाकडे नेत होत्या. पोरगा दोनदा गेला, तिसऱ्यांदा नाही म्हणाला. घरात वाद. "एवढी फी भरली, एवढ्या शिकलेल्या माणसाकडे नेलं, मग याला होतंय काय?" पोरगा एवढंच म्हणाला, "त्यांच्याशी जुळत नाही." घरच्यांनी अर्थ काढला, नखरे.

काकूंना तेव्हा बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय. हे 'जुळणं' मोजायला जगभरातल्या लोकांनी अख्खी कारकीर्द घातली आहे.

फ्रॉइडनं १९१२ मध्येच लिहून ठेवलं होतं की रुग्णाला डॉक्टरबद्दल वाटणारी आपुलकी उपचार पुढे नेते. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या सॉल रोझेनझ्वाइगनं म्हटलं, पद्धती एकमेकींशी भांडतात, पण गुण सगळ्यांनाच येतो. म्हणजे सगळ्यांत समान असं काहीतरी काम करत असणार. १९६५ मध्ये राल्फ ग्रीनसननं 'वर्किंग अलायन्स' हा शब्द रुजवला. म्हणजे दोघांनी मिळून काम करायचं नातं.

पण नातं मोजायचं कसं? ते काय ताप आहे, थर्मामीटर लावायला?

वाट दाखवली एडवर्ड बोर्डिननं, १९७९ मध्ये. त्यानं नात्याचे तीन भाग केले. कुठं पोचायचंय यावर दोघांचं एकमत आहे का? त्यासाठी काय करायचं हे दोघांना पटलंय का? आणि एकमेकांवर विश्वास आहे का? नुसतं गोड बोलणं म्हणजे नातं नव्हे, हे इथं स्पष्ट झालं.

यावरून कॅनडातल्या अ‍ॅडम होरवाथ आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८९ मध्ये ३६ विधानांची प्रश्नावली छापली. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण. रुग्णानं वेगळी भरायची, उपचार करणाऱ्यानं वेगळी. दोन वर्षांनी २४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिसलं की गुण येणार की नाही याचा अंदाज रुग्णाच्या उत्तरांवरून जास्त लागतो, उपचार करणाऱ्याच्या उत्तरांवरून कमी. खुर्चीच्या पलीकडे बसलेल्या तज्ज्ञाला वाटत असतं, छान चाललंय!

२०१८ मध्ये २९५ अभ्यासांचा, ३० हजारांवर रुग्णांचा हिशेब झाला. नातं आणि गुण यांचा संबंध साधारण ०.२८ निघाला. म्हणजे माणसामाणसांच्या गुणात जो फरक पडतो, त्यातला आठेक टक्के नात्याशी जोडलेला. आकडा लहान वाटेल, पण तो वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींत पुन्हापुन्हा दिसतो. बरं वाटायला लागलं म्हणून नातं चांगलं वाटतं, की नातं चांगलं म्हणून बरं वाटतं? हा वाद मात्र अजून चालू आहे.

आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची डिग्री नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. ते एकमेकांची रेकॉर्ड केलेली संभाषणं ऐकून गुण द्यायचे. पद्धत पाळली का याला आणि माणसाशी बोलले कसे यालाही. २०१७ मध्ये निकाल छापून आला. तीन महिन्यांनी या रुग्णांचं नैराश्य इतरांपेक्षा जास्त उतरलं होतं.

म्हणून काकूंना आता सांगणार आहे. पोराला रागावू नका. आधी त्याला विचारा, काय जुळत नाही? ध्येय, पद्धत, की माणूस? मग तेच त्यानं समुपदेशकाला तोंडावर सांगावं. चांगला समुपदेशक रागावत नाही. नात्यातला ताण बोलून सोडवणं हा उपचाराचाच भाग आहे. तरीही नाहीच जमलं, तर माणूस बदला, उपचार सोडू नका. कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

डिग्री भिंतीवर टांगलेली असते, ती सगळ्यांना दिसते. जुळलं की नाही, हे समोर बसलेल्यालाच माहीत. त्याला विचारा तरी.