भाजलेली सरकी

जालना एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये तुरीची प्रत बघायचं काम मी करतो. पोत्यातून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, डागी किती, फुटका किती, ओल किती ते बघायचं. आपली बदनापूरकडची तूर मला हाताला कळते. २०१६ साली दिल्लीने मोझांबिकशी तुरीचा करार केला, तेव्हापासून तिकडची पोतीही येतात. भाव पडला की मोंढ्यात शेतकरी या पोत्यांवर चिडतात. तो राग खरा आहे. पण ही तूर पिकवणाऱ्यांच्या आज्यांनी काय भोगलं ते वाचल्यापासून त्या पोत्याला हात लावताना मला तुरीआधी कापूस आठवतो.

मोझांबिक पोर्तुगीजांचं होतं. १८९९ च्या कायद्याने तिथल्या माणसाला काम करणं सक्तीचं केलं. त्या वेठीला ‘शिबालो’ म्हणत. निजामाच्या राज्यातली वेठ माझ्या आजोबांनी पाहिली होती, त्यामुळे हा शब्द मला परका वाटला नाही. पुढे पोर्तुगालच्या गिरण्यांना स्वस्त कापूस हवा झाला. १९३८ मध्ये तिथला हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने कापूस मंडळ नेमलं. एकेक मुलूख एकेका कंपनीला तोडून दिला. शेतकऱ्याने कापूस लावायचाच, त्याच कंपनीला घालायचा, आणि भाव सरकार ठरवणार. खुरपणी चुकली की भोकं पाडलेल्या लाकडी फळीने तळहात फोडत. पुरुष वेठीला किंवा दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत गेलेले, म्हणून कापूस बायकांच्या गळ्यात पडला. ज्वारी-मक्याची कामं आणि कापसाची कामं एकाच वेळी येत, आणि घरचं धान्य मागे पडे.

काही ठिकाणी लोकांनी एक उपाय शोधला. कंपनीने दिलेली सरकी आधी भाजायची, मग मुकाट्याने पेरायची. उगवलं नाही की म्हणायचं, ही जमीन कापसाची नाही.

जालना बियाण्याचं गाव. सरकी उगवली नाही तर दुबार पेरणीत घर कसं बसतं ते आम्ही दर काही वर्षांनी बघतो. बी मुद्दाम मारून मातीत घालायला शेतकऱ्याचा हात कसा धजला असेल, याचा विचार मी कामावरसुद्धा करतो.

जानेवारी १९६१ मध्ये पोर्तुगीजांच्याच अंगोलातल्या कसांजे भागात कापूस उत्पादकांनी लागवडच नाकारली. त्यांच्या गावांवर विमानांतून बॉम्ब टाकले गेले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला त्याच पोर्तुगीजांच्या हातून गोवा मुक्त झाला. गोव्याचा हिशेब तिथेच मिटला, असं शाळेत शिकलो होतो. तो मिटला नव्हता. लिस्बनच्या पोर्तुगीज सरकारने गोवा गेल्याचं मानलंच नाही. मोझांबिकमधल्या भारतीयांना छावण्यांत डांबलं. गोव्यासाठी लढलेले आपले सांगलीचे मोहन रानडे जानेवारी १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

तिकडे आफ्रिकेत अंगोलापाठोपाठ १९६३ मध्ये पोर्तुगीजांच्याच गिनी-बिसाऊत आणि २५ सप्टेंबर १९६४ ला मोझांबिकमध्ये सशस्त्र लढा पेटला. तेरा वर्षांच्या लढाईने पोर्तुगालची फौजच थकली, आणि २५ एप्रिल १९७४ ला तिनेच लिस्बनची हुकूमशाही उलथली. गोवा भारताचा, या करारावर नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ ला सही केली. मोझांबिक २५ जून १९७५ ला स्वतंत्र झाला, अंगोला ११ नोव्हेंबरला. गोवा आपल्या जवानांनी आणि सत्याग्रहींनी सोडवला, यात शंका नाही. पण लिस्बनला ती सही करायला भाग पाडलं आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी. आपल्या पुस्तकांत त्यांचं नाव यायला हवं.

माझ्या आईने जन्मभर सरकी टोबली. तिला हे सगळं सांगितलं. कंपनी, सालाझार, सही, कशावरही ती काही बोलली नाही. भाजलेल्या सरकीचं ऐकून मात्र हातातलं निवडणं थांबवलं.

“मंग त्या साली लेकरांनी काय खाल्लं?”

“कसावा,” मी म्हणालो. “आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच.”