सांताबाबा कुठला?

डिसेंबर आला की आपल्याकडच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. बालवाडीतून निरोप येतो, मुलाला लाल टोपी घालून पाठवा. घरात कुजबुज सुरू होते. पाठवायचं की नाही? सांताबाबा खरा आहे असं मुलाला सांगायचं का? शिक्षक म्हणून मलाही हे विचारलं जातं. हो किंवा नाही म्हणण्याआधी या म्हाताऱ्याचा इतिहास पाहू.

सांताक्लॉजचं मूळ बर्फाच्या प्रदेशात नाही. ते आजच्या तुर्कस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. तिथल्या मायरा या गावात, म्हणजे आजच्या देमरेमध्ये, चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते. त्यांची आख्यायिका अशी: एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्यासाठी पैसे नव्हते. निकोलस रात्री आले, खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून निघून गेले. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा बापाने त्यांना गाठलं, तेव्हा ते म्हणाले, कुणाला सांगू नका.

1087 मध्ये इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी त्यांच्या अस्थी मायरातून उचलून नेल्या. युरोपभर त्यांचा सण 6 डिसेंबरला होऊ लागला. हॉलंडमध्ये ते सिंटरक्लास झाले. आदल्या रात्री मुलं बूट मांडून ठेवत आणि सकाळी त्यात खाऊ सापडे. हेच नाव अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झालं. 1823 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात निनावी कविता छापून आली आणि सांताला आठ रेनडिअरची गाडी मिळाली. 1863 पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याचं गुबगुबीत रूप पक्कं केलं. कोकाकोलाची प्रसिद्ध चित्रं 1931 ची. लाल कपडे मात्र त्याआधीपासून होते. म्हणजे या बाबाला प्रत्येक देशाने आपापले कपडे शिवले.

मुस्लिम समाजही याला अपवाद नाहीत. तुर्कस्तानात ‘नोएल बाबा’ नाताळला नव्हे, नववर्षाला येतो. सोव्हिएत राजवटीने धार्मिक म्हणून हाकललेला ‘देद मोरोझ’ 1935 च्या अखेरीस नववर्षाचा पाहुणा म्हणून परतला. तोच उझबेकिस्तानात ‘कोरबोबो’, म्हणजे बर्फाचे आजोबा, झाला. इराणची परंपरा वेगळी. तिथे मार्चमध्ये नवरोजला पांढऱ्या दाढीचे ‘अमू नवरोज’, म्हणजे नवरोजकाका, मुलांना भेटी देतात. नने सर्मा नावाची आजी घर झाडून त्यांची वाट पाहते आणि नेमकी ते येतात तेव्हाच तिला डोळा लागतो. दरवर्षी चुकामूक होते. लहान मुलांना ही गोष्ट फार आवडते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. टोपी घालायची की नाही, हे प्रत्येक घराने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावं. जबरदस्ती शाळेनेही करू नये आणि मोहल्ल्यानेही करू नये. मात्र ‘ते त्यांचं, आपलं नाही’ एवढं बोलून मुलाला गप्प करू नये. 1897 मध्ये आठ वर्षांच्या व्हर्जिनिया ओहॅनलनने न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्राला पत्र लिहून सांता खरा आहे का, असं विचारलं होतं. वृत्तपत्राने अग्रलेख लिहून ‘आहे’ असं उत्तर दिलं. मी मात्र मुलाला खरी गोष्ट सांगेन: खूप वर्षांपूर्वी एक भला माणूस होता, तो गुपचूप द्यायचा; लोकांनी त्याची आठवण ठेवली आणि गोष्ट वाढत गेली. यात गंमत कमी होत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही.

उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे आणि बायबलमध्येही आहे. आपली ईदी उघड असते. देणारा समोर असतो, मूल सलाम करतं, नोट खिशात जाते. तो आनंद हवाच. त्याच्या जोडीला मुलाच्या हातून एखादी भेट गुपचूप पोहोचवा. वह्यांचा गठ्ठा, शिरखुर्म्याचं सामान, काहीही. कुणाच्या दारात ठेवलं, ते मुलाने कुणाला सांगायचं नाही. लहान मुलांना गुपित सांभाळायला फार आवडतं. मायराच्या त्या माणसाची खरी आठवण हीच आहे, आणि त्यासाठी लाल टोपी लागत नाही.