करड्या परिच्छेदाचे कूळ

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘बॉर्डर्स अँड शेडिंग’ची खिडकी उघडली की ‘पॅटर्न्स’खाली टक्क्यांची लांबलचक यादी दिसते. ५, १०, मग एकदम १२.५. पुढे ३५ आणि ४० यांच्या मध्ये ३७.५ ठाण मांडून बसलेले. आणखी खाली ६२.५ आणि ८७.५. यादीच्या शेपटाला आडव्या, उभ्या, तिरप्या रेघा आणि जाळ्या. लाखो रंग दाखवणाऱ्या पडद्यावर साध्या करड्यासाठी हा अपूर्णांकांचा बाजार कशाला?

कारण यादीतला करडा हा मुळात रंगच नव्हे. पांढऱ्यावर मोजून टाकलेले ते काळे ठिपके आहेत.

मजकुरामागे रंग देण्याची हौस छापखान्याहून जुनी आहे. आपल्याकडच्या हस्तलिखित पोथ्यांत श्लोकांक, दंड, अध्यायसमाप्तीची ओळ यांवर गेरू चोळलेला आढळतो. अक्षरे काळीच, त्यांच्याभोवतीची जागा तेवढी तांबूस. चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासून वर नवी अक्षरे लिहीत. पान न वाचताच कुठे थांबायचे ते डोळ्यांना कळे.

खिळ्यांच्या छपाईत ही सोय महागली. काळ्या शाईने काळेच छापता येते, फिकट काळे नाही. दुसरा रंग हवा तर तोच कागद पुन्हा यंत्रातून काढायचा. यातून वाट काढली ती न्यूयॉर्क परिसरातल्या बेंजामिन डे धाकटे यांनी. वडिलांनी १८३३मध्ये ‘द सन’ हे स्वस्त दैनिक काढलेले. मुलगा चित्रकार आणि मुद्रक. १८७९मध्ये त्यांनी जिलेटिनच्या पातळ पत्र्याचे पेटंट घेतले. त्या पत्र्यावर उठावाचे ठिपके किंवा रेघा असत. त्यांवर शाई फिरवून तो छपाईच्या शिळेवर दाबला की हव्या त्या भागात ठिपक्यांची एकसारखी पेरणी होई. लांबून पाहणाऱ्याला तो करडा वाटे. ‘बेन डे’ ठिपके म्हणून वृत्तपत्रांनी आणि पुढे अमेरिकी कॉमिक्सनी ते उचलले. १९६०च्या दशकात चित्रकार रॉय लिक्टेन्स्टाइन यांनी तेच ठिपके कॅनव्हासवर मोठे करून टांगले.

पुढे ठिपके चिकटपट्टीवर आले. झिपाटोन, लेट्राटोन अशा नावांच्या पारदर्शक फिल्म मिळत. चौकटीच्या मापाने पात्याने कापायची, पानावर घासून बसवायची. किती टक्के जागा काळी हवी, यावरून फिल्म निवडत. ‘चौकटीला दहा टक्के स्क्रीन टाका’ ही भाषा तिथली; स्क्रीन म्हणजे ही ठिपक्यांची जाळी.

देवनागरीला यात जास्तीची जोखीम होती. जाळी जाड निवडली तर अनुस्वार आणि स्क्रीनचा ठिपका एकाच घरातले दिसू लागतात.

संगणकाने हे ठिपके जसेच्या तसे घेतले, कारण त्याचीही अडचण छापखान्याचीच होती. १९८४च्या मॅकिंटॉशचा पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. त्यावर चित्र उमटवणाऱ्या, बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेल्या क्विकड्रॉ या प्रणालीने ८ गुणिले ८ ठिपक्यांचा चौकोन घेतला आणि तोच जमिनीवरच्या फरशीसारखा सगळीकडे पसरला. चौकोनात ६४ जागा. त्यातल्या ८ काळ्या केल्या की साडेबारा टक्के. २४ केल्या की साडेसदतीस, ४० केल्या की साडेबासष्ट, ५६ केल्या की साडेसत्त्याऐंशी. यादीत विचित्र वाटणारे आकडे या चौकोनात तंतोतंत बसतात. उलट सरळमार्गी दिसणाऱ्या १० टक्क्यांना ६.४ ठिपके लागतात, आणि ठिपका तोडता येत नाही.

कागदावर तर आणखी काटकसर. एचपीचा लेझरजेट १९८४मध्ये आला, इंचाला ३०० ठिपके घेऊन. पण एचपीच्या पीसीएल या प्रिंटर-भाषेत करड्या भरणीच्या पायऱ्या फक्त आठ. २१ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत काहीही मागा, कागदावर छटा एकच. त्या छटेची झेरॉक्स काढली की ठिपके एकमेकांत मिसळत किंवा गळून जात. अर्जातली ‘कार्यालयीन उपयोगासाठी’ची करडी पट्टी तिसऱ्या-चौथ्या प्रतीत डागाळलेली दिसते ती त्यामुळे.

पडदे रंगीत झाले, प्रिंटर सुधारले, पण फायलींनी जुना हिशेब सोडला नाही. मायक्रोसॉफ्टच्या आरटीएफ या फाइल-प्रकारात परिच्छेदाची छटा टक्क्याच्या शंभराव्या भागात लिहितात; साडेबारासाठी १२५०. डिसेंबर २००६मध्ये एक्मा संस्थेने मान्य केलेल्या ऑफिस ओपन एक्सएमएल प्रमाणकात त्याच छटेला ‘पीसीटी१२’ असे नाव आहे. वरचा अर्धा टक्का नावातून गळला, अर्थातून नाही. रेघा आणि जाळ्याही त्याच प्रमाणकात शाबूत आहेत. शिवाय भरणीचा रंग आणि ठिपक्यांचा रंग तिथे वेगवेगळे नोंदतात. म्हणजे पिवळ्या पार्श्वभूमीवर निळे ठिपके आजही पेरता येतात, बेन डे यांच्या पत्र्याने येत होते तसे.

आज बहुतेक जण ठिपक्यांच्या वाटेला न जाता रंगाच्या डब्याचे चिन्ह दाबून सपाट रंग भरतात. त्यातही दोन तऱ्हा आहेत. छटा परिच्छेदाला दिली तर ती समासापासून समासापर्यंत पसरते. मजकुराला दिली तर अक्षरांपुरती राहते. हायलायटरचे पेन हे तिसरेच प्रकरण. म्हणून वेबपानावरून उचललेल्या उताऱ्याबरोबर करडी पार्श्वभूमी आली, की हायलायटरला ‘नो कलर’ सांगून ती हलत नाही. परिच्छेदाची छटा असेल तर उताऱ्यात कर्सर ठेवून कंट्रोल आणि क्यू दाबले की जाते. अक्षरांमागची असेल तर कंट्रोल आणि स्पेसबार.