स्पोर्टी गाडीचं अ‍ॅव्हरेज जातं कुठे? घोटी, कसारा घाट आणि ‘समृद्धी’वरचा पेट्रोलचा हिशोब

माहितीपत्रकात लिटरला साडेअठरा किलोमीटर लिहिलेलं असतं आणि घोटीच्या टोलनाक्यावर पोहोचेपर्यंत डॅशबोर्डवर बारा दिसायला लागतात. टर्बो पेट्रोल गाडी हौसेने घेतलेल्या अनेकांची ही तक्रार असते. मग पंपावर संशय घेतला जातो, सर्व्हिस सेंटरला फेऱ्या होतात. पण त्याच मॉडेलची गाडी, त्याच रस्त्यावर, दुसऱ्याच्या हातात सतरा देते. फरक बहुतेक वेळा चालवण्यात असतो, आणि स्पोर्टी गाडीत तो साध्या गाडीपेक्षा जास्त दिसतो.

हा फरक समजून घ्यायला इगतपुरी तालुक्यातल्या घोटीइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही. पश्चिमेला कसारा घाट, नाशिककडे मुंबई-आग्रा महामार्गाचा सरळ पट्टा, दुसरीकडे सिन्नरचा रस्ता आणि कळसूबाई-भंडारदऱ्याकडे जाणारी वळणं. शिवाय जवळूनच समृद्धी महामार्ग जातो. त्याचा भरवीर ते इगतपुरी टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. घाट, हायवे, एक्सप्रेसवे आणि बाजारपेठेतली गर्दी, सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात.

साडेअठराचा आकडा येतो कुठून?

पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी हे उदाहरण घेऊ. १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क. ती २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्ससह तिचं प्रमाणित मायलेज साडेअठराच्या आसपास सांगितलं गेलं होतं. हा आकडा खोटा नाही. तो फक्त वेगळ्या परिस्थितीतला आहे.

गाड्यांची ही चाचणी रस्त्यावर होत नाही. चाकं रोलरवर ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे गाडी ‘चालवली’ जाते. पुण्यातली एआरएआय ही संस्था अशा चाचण्यांसाठी ओळखली जाते, म्हणून लोक सरसकट ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. आपल्याकडच्या या चाचणीत एसी बंद असतो, वेग हळूहळू वाढवला जातो आणि सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो, तोही थोडाच वेळ. समृद्धीवर कारला मुभा आहे ताशी १२० ची. म्हणजे ज्या वेगाने शिर्डी गाठायची ठरवलेली असते, त्या वेगाला गाडीची परीक्षा झालेलीच नसते.

टर्बो गाड्यांना ही परीक्षा आणखी सोपी जाते. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि हवा जास्त आली की त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त सोडावं लागतं. हलक्या पायाने चालवलं तर टर्बोवर फारसा भार येत नाही आणि छोटं इंजिन छोट्या इंजिनासारखंच पितं. पाय दाबला की तेच इंजिन मोठ्या इंजिनाएवढी ताकद देतं आणि खर्चही मोठ्या इंजिनाचा करतं. फार वेळ पूर्ण दाबून चालवलं तर इंजिन जास्त तापू नये म्हणून संगणक गरजेपेक्षाही थोडं अधिक पेट्रोल सोडतो. ते पेट्रोल गाडी पुढे नेत नाही, थंडावा द्यायला जातं.

१५० घोडे, पण काम दहा-पंधरांचं

सपाट रस्त्यावर साधारण १३०० किलोची सेडान ताशी ८० ने स्थिर धावत असेल, तर तिला लागते फक्त दहाएक हॉर्सपॉवर. ताशी १२० ला हीच गरज पंचवीसच्या घरात जाते. दीडशेपैकी बाकीचे घोडे नुसते बसून असतात. ओव्हरटेक करताना त्यांचा खरा उपयोग होतो, तेवढा वेळ सोडला तर ते दाखवण्यापुरतेच.

वेग दीडपट झाला, मग गरज अडीचपट कशी? कारण हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० वरून १२० वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. टायरचं घर्षण मात्र फारसं वाढत नाही, म्हणून एका किलोमीटरमागचा एकूण जोर साधारण पावणेदोन पट होतो. जास्त भारावर इंजिन थोडं कार्यक्षम चालतं, त्यामुळे पेट्रोल तितकं वाढत नाही, पण वाढ चांगलीच जाणवते.

पैशात बघू. इगतपुरी ते शिर्डी समृद्धीने साधारण १०५ किलोमीटर. ताशी १०० ने ६३ मिनिटं, १२० ने साडेबावन्न मिनिटं. गाडी १०० ला लिटरमागे १८ आणि १२० ला १५ किलोमीटर देते असं धरलं, तर पेट्रोल ५.८ ऐवजी ७ लिटर लागेल. लिटरला १०४ रुपये धरले तर साडेदहा मिनिटांची किंमत झाली सुमारे १२० रुपये. कुणाला हा सौदा परवडेल, कुणाला नाही. पण आठवड्याला मुंबई-शिर्डी करणाऱ्याने तो एकदा कागदावर मांडून बघावा.

पावसाळ्यात यात वाऱ्याची भर पडते. घोटीहून मुंबईकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो. ताशी ३० चा वारा समोरून असेल, तर १०० ने धावणाऱ्या गाडीला अडथळा १३० चा जाणवतो. ओला रस्ताही मायलेज खातो, कारण टायरला दर क्षणी पाणी बाजूला सारावं लागतं. त्यात स्पोर्टी गाडीचे टायर रुंद असतात.

व्हर्टसच्या या इंजिनात एक चांगली सोय आहे. भार हलका आणि वेग स्थिर असला की चारपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि तसं डॅशबोर्डवर दिसतं. पाय सतत वर-खाली होत असेल तर ही सोय असून नसल्यासारखी. ‘एस’ मोडमध्ये गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो. भंडारदऱ्याच्या वळणांवर त्यात मजा आहे, पण नाशिकच्या सरळ रस्त्यावर तो मोड चुकून सुरू राहिला तर मायलेज विनाकारण घसरतं.

घाटात न्यूट्रल: जुनी आणि घातक सवय

कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत रस्ता सुमारे ३०० मीटर उंची चढतो. माणसांसह १४०० किलोची गाडी एवढी वर न्यायची म्हणजे इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या आसपास धरली, तर फक्त उंचीसाठी चारशे मिलिलिटरच्या वर पेट्रोल लागतं. कितीही जपून चालवलं तरी हा खर्च टळत नाही. समृद्धीवर सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा असला तरी सह्याद्री चढावा लागतोच, फक्त चढ सौम्य लागतो.

चढताना मायलेजच्या नादात वरचा गिअर धरून ठेवणं चुकीचं. इंजिन घरघरतं, एक्सलेटर जवळपास पूर्ण दाबला जातो, टर्बोवर ताण येतो आणि वाचत काहीच नाही. एक गिअर कमी करून, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास मोकळं फिरू दिलं की गाडी कमी कष्टात चढते. सपाटीवर नियम उलटा, जमेल तितका वरचा गिअर.

उतरताना गाडी न्यूट्रल करणारे अजूनही भेटतात. ही सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. त्या गाड्या गिअरमध्ये उतरतानाही थोडं पेट्रोल ओढत. आताच्या इंजेक्शन गाड्यांत एक्सलेटर सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलं तर इंजिन बंद पडू नये म्हणून पुन्हा पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च वाढतो. वर इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन उतारावर निकामी होऊ शकतात. कसारा घाटात ब्रेक निकामी झालेल्या अवजड गाड्यांचे अपघात वारंवार होत आले आहेत. दोन-चार रुपयांच्या चुकीच्या हिशोबापायी तो धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

एक ब्रेक, पाच रुपये

पिकअप घेतला म्हणून पेट्रोल वाया जातं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. वेग मिळवायला खर्च केलेलं पेट्रोल गाडीच्या गतीत जमा असतं. ते खरं वाया जातं ब्रेक दाबल्यावर, कारण त्या गतीची उष्णता होऊन हवेत जाते. १३०० किलोची गाडी ताशी १०० वर न्यायला, हवा आणि घर्षण बाजूला ठेवलं तरी, पन्नासेक मिलिलिटर पेट्रोल लागतं. म्हणजे १०० वरून कचकन थांबणं हे पाच रुपयांचं काम. ६० वरून थांबलं तर दोन रुपये.

घोटीचा टोलनाका लांबूनच दिसतो. काही जण शेवटच्या शंभर मीटरपर्यंत पाय दाबून ठेवतात आणि मग ब्रेकवर उभे राहतात. अर्धा किलोमीटर आधी एक्सलेटर सोडला, तर गाडी पेट्रोल बंद ठेवून तेवढं अंतर फुकट कापते. पोहोचायला फरक पडतो काही सेकंदांचा. ट्रकमागे चिकटून दर मिनिटाला ब्रेक-पिकअप करण्याचंही तसंच. थोडं अंतर ठेवलं की वेग स्थिर राहतो आणि ओव्हरटेकची संधीही नीट दिसते. संधी मिळाली की मात्र चाचपडू नये. ताकद आहे, ती वापरून लवकर पुढे निघावं.

बाकी गोष्टी नेहमीच्याच. टायरमधली हवा कमी असेल तर मायलेज तर जातंच, पण समृद्धीच्या काँक्रीटवर तापून टायर फुटण्याची भीती त्याहून मोठी. महामार्गाच्या वेगाला काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी बरा. कळसूबाईला जाताना छतावर बांधलेले तंबू परतल्यावर उतरवावेत. घोटीच्या बाजारात गाडी चालू ठेवून वाट पाहिली तर तासाला अर्धा ते एक लिटर उभ्या जागी जळतं. सगळंच पायावर ढकलूनही चालणार नाही. सारख्या मापाच्या इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० इंधनात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते.

सवय बदलून फरक पडला का, हे बघायला डॅशबोर्डचा आकडा पुरेसा नाही, तो बऱ्याचदा थोडा उदार असतो. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्य करावा, तीन-चारशे किलोमीटर चालवून शक्यतो त्याच पंपावर तशीच भरावी आणि किलोमीटरला लिटरने भागावं. मोजणी नेहमी जाऊन-येऊन करावी. घोटीहून मुंबईला उतरतानाचा आकडा कुणालाही खूश करतो, कारण त्यात सह्याद्रीचा उतार फुकट मिळालेला असतो. परतीच्या चढावर तो वसूल होतो.