फावल्या वेळात परकी भाषा : कोणती आणि कशासाठी?



गेल्या चैत्रातील हळदीकुंकवाला आपल्या मंडळात एक वाद निघाला आणि तो कैरीच्या डाळीपेक्षाही तिखट झाला, हे आपणां सर्वांस आठवत असेलच. या वर्षी दर बुधवारी दुपारी दीड तास एखाद्या परक्या भाषेचा वर्ग चालवावयाचा, एवढे ठरले. पण वर्ग एकच, खोली एकच आणि पैसाही बेताचाच. कोणी म्हणाल्या जर्मन, कोणी जपानी, तर तरुण सुना-मुलींनी एका सुरात कोरियन म्हणून सांगितले. एका आजींनी "आधी मराठी तरी धड बोला" असे म्हणून आणखी पन्हे मागितले. मी त्या दिवशी गप्पच बसले. मी सातवीपर्यंत शिकलेली. परक्या भाषेबद्दल मी काय बोलणार? पण प्रश्न मनातून जाईना. आपल्या मुलखातील माणसे, विशेषतः बायका, आजवर परक्या भाषा कशापायी शिकल्या हे पाहिले तर निवड करणे सोपे जाईल, असे वाटून थोडे वाचले, थोडे विचारले. तेच येथे मांडते.

आपल्या भागाला परकी भाषा ही नवी पाहुणी नव्हे. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे सुमारे दोन महिने झुंजविला, हे आपण मुलांना गोष्टीत सांगतो. त्याच्याही पुष्कळ आधीपासून या बाजूला दरबाराची भाषा फारसी होती. चाकरी हवी, वतनाचा कागद हवा, तर फारसी जाणणारा माणूस गाठावा लागे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीसुद्धा जमा, खर्च, हजर, दप्तर हे शब्द काही गेले नाहीत. आपल्या खजिनदारबाई वहीत जो जमाखर्च लिहितात तोच काय, त्यांचे पदसुद्धा फारसीतून आलेले आहे! मात्र ही भाषा शिकली ती पोटासाठी, आणि शिकले ते बहुतेक पुरुषच.

बायकांची गोष्ट सुरू होते ती इंग्रजीपासून. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी स्वतः त्यांना शिकविण्यास आरंभ केला. आधी मराठी, मग इंग्रजी. त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचल्या असतील. त्यात मला सर्वांत लागले ते असे की, विरोध बाहेरच्यांचा कमी आणि घरातल्या बायकांचाच अधिक. टोमणे, अबोला, मडमेजवळ बसून शिकल्यामुळे उभा राहिलेला सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. हे सगळे सोसून, घरातले सारे काम उरकून त्या शिकत राहिल्या. पुढे पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे राहिले, ते याच बाईंच्या हातून. त्यांना कोणी "फावला वेळ" दिला नव्हता. तो त्यांनी दोन कामांच्या मधल्या फटीतून काढला. आपलेही तसेच नाही काय? आपल्या घरी पुरुषमाणसाला रविवार असतो. आपल्याला बुधवारची दुपार मिळाली तीही ठराव करून.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. संस्कृत त्यांना लहानपणापासून येत होतेच. १८८३ साली त्या विलायतेस गेल्या, तेथून अमेरिकेस, आणि इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पण मला थक्क केले ते पुढच्या गोष्टीने. आपल्याच पुणे जिल्ह्यातील केडगावी, शेकडो निराधार बायकामुलींचा संसार अंगावर असताना, वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी बायबलाचे मुळातून मराठी भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक या दोन अवघड भाषांचा अभ्यास केला. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या धर्मांतराबद्दल कोणाचे काही मत असो. पण "आता या वयात कुठे भाषा शिकता" असे ज्या मला म्हणाल्या, त्यांना मी केडगावचे नाव सांगते.

आता आपल्या पिंपरी-चिंचवडकडे येऊ. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि बाजरीची शेते जाऊन कारखाने आले. प्रत्येक कारखान्याबरोबर एकेक परकी भाषा गुपचूप घरात शिरली, ती आपल्याला कळलीसुद्धा नाही. आपण सहज म्हणतो, "सामान टेम्पोत घाला." हा टेम्पो म्हणजे हांबुर्गच्या एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव! १९५८ साली फिरोदियांनी त्या कारखान्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो काढली. पुढे आकुर्डीला तिचा मोठा कारखाना झाला. २००५ साली कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केले, पण कोणत्याही मालवाहू गाडीला टेम्पो म्हणणे काही सुटले नाही. आकुर्डीलाच बजाज ऑटोची स्कूटर बनत असे, ती १९७१ पर्यंत इटलीच्या पियाजो कंपनीच्या परवान्यावर, व्हेस्पा नावाने. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. म्हणजे आपल्या सासूबाई पदर सावरून ज्या गाडीवर मागे बसत ती गांधीलमाशी होती.

पण कारखाना आला म्हणून त्या देशाची भाषा शिकावीच लागते असे नाही. चिंचवडची एसकेएफ, दापोडीची सँडविक आणि अल्फा लावल या मूळ स्वीडनच्या कंपन्या येथे साठ वर्षांहून अधिक काळ आहेत. आपल्या वस्तीतील किती संसार त्यांच्या पगारावर उभे राहिले! तरीही स्वीडिश शिकणारा माणूस मला भेटला नाही. कारण ते लोक स्वतःच उत्तम इंग्रजी बोलतात. तेव्हा नुसती कारखान्याची पाटी वाचून भाषा निवडू नये, असे माझे मत झाले.

जर्मनची गोष्ट वेगळी. पिंपरीत १९९५ साली मर्सिडीज गाडी जोडली जाऊ लागली. २००९ साली मर्सिडीजचा आणि फोक्सवॅगनचा असे दोन्ही कारखाने चाकणला सुरू झाले. तेव्हापासून मुले तिकडे शिकावयास व कामास जातात आणि लग्न होऊन सुनाही निघतात. येथे एक अडचण येते. २००७ पासून जर्मन सरकारचा नियम असा आहे की, जोडीदारापाठोपाठ राहावयास जाणाऱ्याने येथून निघण्यापूर्वीच प्राथमिक जर्मन, म्हणजे ए-वन पातळी, येत असल्याचा दाखला द्यावा. काही विशेष परवान्यांवर गेलेल्यांच्या कुटुंबांना तेवढी सूट आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे अशी चारही अंगांची परीक्षा असते. आमच्याच इमारतीतील एका सूनबाईंचा पहिला प्रयत्न ऐकण्याच्या भागात फसला. नवरा तिकडे, ही इकडे, असे आठ महिने गेले. ती रात्री भांडी घासताना कानात जर्मन लावून ठेवी. अशा मुलीला "तुझी आवड काय" असे विचारण्यात अर्थ नाही. तिला जर्मनच शिकली पाहिजे.

जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, म्हणून आपल्याला ती हिंदी भाषकांइतकी नवलाची वाटू नयेत. फक्त वाटणी विचित्र. सूर्य तेथे स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि 'मेडशेन' म्हणजे मुलगी चक्क नपुंसकलिंगी! प्रथम मला राग आला. मग आठवले की आपणही लेकीला लाडाने "माझं बाळ ते" म्हणतोच.

आता जपानी. आमचे हे ज्या कारखान्यात आहेत तेथे काही वर्षांपूर्वी एक जपानी साहेब यंत्र बसविण्यासाठी आले होते. एका रविवारी ते आमच्याकडे जेवावयास आले. मी पुरणपोळी वाढली. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "ओइशी." मला वाटले, "अशी?" म्हणून विचारताहेत; म्हणून मी पोळीवर तूप घालून दाखविले. ते पुन्हा "ओइशी", मी पुन्हा तूप. ओइशी म्हणजे रुचकर, हे मला नंतर कळले. तोवर त्या बिचाऱ्यांच्या ताटात तुपाचे तळे झाले होते.

तेव्हापासून त्या भाषेबद्दल मनात ओढ राहिली, आणि वाचता वाचता एक नवल हाती लागले. जपानी अक्षरमाला अशी चालते : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. भगिनींनो, ही तर आपल्याच बाराखडीची वाट! बौद्ध धर्माबरोबर संस्कृतची सिद्धम् लिपी तिकडे गेली, भिक्षूंनी तिचा अभ्यास केला आणि तिच्या क्रमाने आपली अक्षरे लावली. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोहोचला, आणि नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली त्याच्याच हस्ते झाले.

आणखी एक गोष्ट आपल्या मंडळात सांगण्याजोगी आहे. जुन्या जपानात विद्वान पुरुष चिनी अक्षरांत लिहीत. बायकांना ती सहसा शिकवीत नसत. बायका लिहीत त्या साध्या, वळणदार हिरागाना लिपीत, म्हणून तिला "बायकांचा हात" असे म्हणत. आणि त्याच लिपीत मुरासाकी शिकिबू नावाच्या बाईने अकराव्या शतकाच्या आरंभी 'गेंजी'ची कथा लिहिली, जी आज जगातील अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांत गणली जाते. भावाची चिनीची शिकवणी चालली असता ही जवळ बसून ऐके आणि त्याच्याआधी शिके. तेव्हा वडील हळहळत की ही मुलगा असती तर! हे तिनेच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. मला रमाबाईंचे दिवाणखाने आठवले.

व्याकरणही परके वाटत नाही. क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागे, मराठीसारखेच. 'वाताशि वा पान ओ ताबेमासु' म्हणजे 'मी पाव खाते'. यातला 'पान' आणि आपला 'पाव' एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे! वाक्याच्या शेवटी त्या बायका 'ने' लावतात, तो आपल्या 'छान आहे ना?' मधला 'ना'च समजा. अवघड आहे ते वाचन. हिरागानाची ४६ अक्षरे महिन्यात येतील, पण रोजच्या वापराची चिनी अक्षरे सरकारी यादीप्रमाणे २,१३६ आहेत. परीक्षेच्या मात्र पाच पायऱ्या आहेत, त्यातली पहिली एन-फाइव्ह आपल्याला झेपावी. चाकणला ब्रिजस्टोनसारखे कारखाने असल्यामुळे त्या पायरीचा मुलींना नोकरीतही उपयोग होतो.

कोरियनबद्दल थोडेच सांगते, कारण आमच्या मुलीच जास्त सांगतील. त्या रात्री मालिका पाहून डोळे सुजवून येतात. पण त्यांच्या लिपीला नावे ठेवू नका. सेजोंग नावाच्या राजाने सामान्य रयतेला वाचता यावे म्हणून ती करविली व १४४६ साली जाहीर केली. आज तिची २४ मूळ अक्षरे आहेत आणि हुशार मुलगी ती आठवड्यात शिकते. शिवाय तळेगावचा मोटारींचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला, तेव्हा त्या मुलींचा हट्ट अगदीच पोरकट नाही.

असो. पुढच्या बैठकीत मी असे सुचविणार आहे की, ज्यांना परदेशी जाणे भाग आहे अशा सुना-मुलींना जर्मनच्या परीक्षेच्या फीसाठी मंडळाने आपल्या निधीतून मदत करावी, कारण ती त्यांची निकड आहे. आणि बुधवारचा वर्ग मात्र हौसेचा ठेवावा. हौसेच्या वर्गाला मी जपानी सुचविते. कोणाला पटले नाही तर तसे मोकळेपणाने सांगावे, मी रागावणार नाही. नोंदीची वही कार्यालयातील टेबलावर ठेवली आहे. तिन्ही भाषांचे रकाने आखले आहेत. कोरियनच्या रकान्यात आजपर्यंत अकरा नावे आहेत, जर्मनच्या चार, आणि जपानीच्या दोन. त्यातले एक माझे, आणि दुसरे त्या पन्हे मागणाऱ्या आजींचे.